सोनेरी भट्टीखालचा खड्डा

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला शूर समजायला नको. पाल चुकचुकली तरी मी अंथरुणात उठून बसते. माहेरी पोशीरला लावणीच्या दिवसांत भाताच्या खाचरात पाय टाकायच्या आधी मी काठीनं पाणी ढवळून बघायची, आणि बाकीच्या बाया हातात रोपांच्या जुड्या धरून मला शिव्या घालत उभ्या राहायच्या. लग्न होऊन खालापूरच्या बाजूला आले तेव्हा सासूबाईंनी माझं पाणी लगेच ओळखलं. "हिला एकटीला कुठं धाडू नका रं," म्हणाल्या, "निम्म्या वाटेतून परत येईल." आणि नशिबाचा खेळ बघा, अशा बाईला काम मिळालं ते कारखान्यात.

रस्त्यापासून थोडं आत, भातशेतीला लागून एक पत्र्याची शेड होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आजूबाजूला मोठमोठाले कारखाने उभे राहत होते, त्यांच्यात आमचा अगदी चिमुकला. पुण्या-मुंबईहून तिथे ड्रिल, टॅप, कटर, पत्रा कापायचे पंच अशी पोलादाची हत्यारं यायची. येताना करड्या रंगाची असायची आणि परत जाताना सोन्यासारखी पिवळी होऊन जायची. सोनं नव्हे हो. टायटॅनियम नावाच्या धातूचा थर. डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याचे वीस-पंचवीस भाग करा, त्यातला एक भाग असेल एवढाच जाड. पण तेवढ्याशा थरानं ड्रिलची धार कितीतरी पट जास्त टिकायची, लोखंडात घुसताना चिकटायची नाही, झिजायची नाही. पहिल्यांदा मी तो ड्रिल हातात घेऊन बघितला तेव्हा म्हटलं, असलं मंगळसूत्र मिळालं तर काय हवं! आमचे हे हसले. "वाटलं तर विळीला देतो लावून," म्हणाले.

हे त्या थराच्या भट्टीवर ऑपरेटर होते. मी धुण्याच्या खोलीत. आम्ही बाया तिथे आलेली हत्यारं साबणाच्या पाण्यात, मग उग्र वासाच्या औषधात धुवायचो, आणि कॉम्प्रेसरवरच्या हवेच्या पाईपनं फुंकून कोरडी करायचो. पाईपच्या तोंडाला बंदुकीसारखा एक नळ असायचा, चाप दाबला की फुस्स करून हवा. धुतल्यावर उघड्या हाताचं बोटही लावायचं नाही. एका बोटाचा तेलकटपणा राहिला तर तेवढ्या जागी थर धरत नाही, कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. त्यामुळे आम्हाला कामावर येताना केसांना तेल बंद, तोंडाला पावडर बंद. सासूबाईंना ते काही पटायचं नाही. बिनतेलाच्या डोक्यानं घराबाहेर पडायचं म्हणजे त्यांना कसंतरीच वाटायचं.

भट्टीची मला पहिल्या दिवसापासून भीती बसली. पोलादाचं उभं पिंप, माणसाहून उंच, पुढे जाड दार, दाराला पालथ्या वाटीएवढी काच. हत्यारं आत टांगायची, दार लावायचं आणि पंप लावून आतली सगळी हवा उपसून काढायची, विहिरीचं पाणी उपसतात तशी. मग आर्गॉन नावाचा वायू अगदी थोडासा आत सोडायचा आणि वीज द्यायची. काचेतून बघितलं की आत जांभळा उजेड. नुसता उजेड, ज्योत नाही, धूर नाही, आवाज नाही. त्यानंतर टायटॅनियमची वाफ करायची, जोडीला नायट्रोजन सोडायचा, आणि त्या दोघांचं जुळून हत्यारांवर पिवळा थर बसायचा. हे मला एवढ्या प्रेमानं सगळं समजावून सांगायचे, की जणू नातवाचं बारसं वर्णन करतायत. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट अडकून बसली होती. आत हवाच नाही. हवा नसलेली जागा माझ्यापासून हातभर अंतरावर आहे, मध्ये फक्त एक दार.

"दार फुटलं तर?" मी विचारायची.

"कसं फुटंल? भायेरची हवा उलट त्याला आत दाबून धरते."

"आणि तो आर्गॉन भायेर आला तर?"

"येऊ दे की. विषारी नाय, पेटत नाय, वास नाय. हवेपेक्षा जड असतो, खाली जाऊन गप बसतो पान्यासारखा. तुला काय चावतोय?"

असं रोज. मी काहीतरी भीती काढायची, हे ती मोडून काढायचे, आणि शेजारी उभे असलेले मिस्त्री पोट धरून हसायचे. मिस्त्री म्हणजे कारखान्याचे फिटर. कळंबचे. आमच्या ह्यांच्यापेक्षा वयानं मोठे, पण दोघांची दोस्ती अशी की डबासुद्धा एकमेकांचा खायचे. मला वैनी म्हणायचे आणि चारचौघांत भित्री भागूबाई म्हणून चिडवायचे. "भागूबाई आली रं, दारं-खिडक्या बघून घ्या!" मग सगळी शेड खिदळायची. मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, मीच ते ओढवून घेतलं होतं. एकदा धुण्याच्या खोलीत पाल पडली म्हणून मी आगीची घंटा वाजवली होती.

भट्टीच्या बुडाशी जमिनीत एक खड्डा होता, चौकोनी, सिमेंटचा, पुरुषभर खोल. त्यात मोठा पंप बसवलेला आणि वायूच्या नळ्या तिथूनच भट्टीला वर जायच्या. उतरायला लोखंडी शिडी. दोन माणसं उभी राहिली की खड्डा भरला. मी त्याच्या कडेनंसुद्धा जायची नाही, भिंतीला चिकटून लांबून वळसा घालायची.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा असायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा करायची ही आमच्याकडची रीत. शेतकरी नांगराची, कोयत्या-विळ्याची करतो, तसे आम्ही भट्टीची, पंपाची, कॉम्प्रेसरची, मेनस्विचचीसुद्धा करायचो. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून लख्ख करायचं. पूजेच्या दिवशी हळद-कुंकू, झेंडू, आंब्याचे टाळे आणि शेतातून आणलेल्या भाताच्या लोंब्या यांचं तोरण. आणि एकदा का हत्याराला कुंकू लागलं, की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. त्या दिवशी ते विसावा घेतंय. ह्याच्यात कुणालाही सूट नाही, साहेबांनासुद्धा नाही. साहेब म्हणजे आमचे इंजिनियर, पुण्याचे, पण त्या दिवशी तेही गुपचूप बूट काढून उभे राहायचे.

त्या वर्षी मिस्त्रींना हौस आली. आदल्या संध्याकाळी त्यांनी खड्ड्यातल्या वायूच्या नळीवरचे पितळी नट आणि वायू चालू-बंद करायच्या चाव्या सोडवून वर आणल्या आणि चिंचेनं घासायला बसले. देवाची समई घासतात तशा. "सोन्याचं काम करनारी भट्टी आणि तिच्या गळ्यात काळं पितळ? शोभतं का?" म्हणाले. आम्ही बायांनीच त्यांना चिंचेचा कोळ करून दिला होता. खरंच, पितळ नुसतं झळझळायला लागलं. मग त्यांनी ते परत खाली जाऊन बसवलं, आर्गॉनचं सिलिंडर उघडून दाबाचा काटा वर चढतोय ना हे बघितलं, आणि हात धुऊन घरी गेले. सिलिंडर तसंच उघडं राहिलं. ह्यातलं बरंचसं आम्हाला नंतर जुळवून जुळवून कळलं. त्या संध्याकाळी आम्हाला फक्त चकाकी दिसली.

सकाळी पूजेला मी आणि हे बसलो. कारखान्यात आम्हीच तेवढे नवरा-बायको, म्हणून दरवर्षी मान आमचा. मी त्या दिवशी केसांना चोपून तेल लावलं होतं, हिरवं लुगडं नेसले होते, मनात म्हटलं आज कोण अडवतंय बघू. फाटकापासून सुरुवात केली. मेनस्विच, कॉम्प्रेसर, आमची धुण्याची खोली, शेवटी भट्टी. भट्टीच्या दाराला कुंकू मी हात लांब करून, अंग मागे ठेवूनच लावलं, ती बंद आहे हे ठाऊक असूनही. मिस्त्रींनी नारळ फोडला. मग ह्यांनी आरतीचं ताट उचललं आणि खड्ड्याकडे निघाले.

"अहो, वरूनच टाका की चार फुलं," मी म्हटलं.

"वर्षभर सगळ्यांत जास्त तोच राबतो. त्याला काय भिकाऱ्यासारखं वरून टाकायचं?" म्हणाले. "हळद-कुंकू हातानं लावायचं असतं."

ते बरोबरच होतं. रीत तशीच आहे. हे शिडीनं खाली उतरले, मिस्त्रींनी वरून ताट त्यांच्या हातात दिलं. ताटात निरांजन तेवत होतं. ह्यांनी ताट छातीपाशी घेतलं आणि निरांजन विझलं.

"अगंबाई!" माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. पूजेचा दिवा विझणं आणि तो नवऱ्याच्या हातातला, दुसरं काय मनात येणार? मी आजही कबूल करते, त्या क्षणी मला वायूबियू काही आठवला नाही. मला अपशकुनच दिसला. बाकीच्या बायांची तोंडं पण उतरली.

"वारा आला असंल," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी काड्यापेटी खाली टाकली.

खड्ड्यात कुठला वारा? ह्यांनी वाकून पेटी उचलली, काडी ओढली. फुर्र करून पेटली आणि विझली. दुसरी ओढली, तीही तशीच. "सर्दावली हाय पेटी," हे म्हणाले आणि हसले. ते हसणं मला नेहमीचं वाटलं नाही. जरा लांबट, दारू प्यालेल्या माणसासारखं, आणि हे तर कधी थेंबाला शिवले नाहीत. मग ताट पंपावर ठेवायला वाकले ते तिथेच बसले. कामावरून दमून आल्यावर ओटीवर बसतात ना, तसे पंपाला पाठ टेकून. ताट मांडीवरून घसरलं, कुंकू सगळं पायांवर सांडलं. आणि ह्यांनी ते झटकलं नाही.

तेव्हा मला कळलं. कसं कळलं ते विचारू नका. दोन वर्षं रोज मी त्यांना तेच तर विचारत होते. जड असतो, खाली जाऊन बसतो, पान्यासारखा. त्यांनीच मला दहादा शिकवलेलं.

"हवा नाय!" मी किंचाळले. "खाली हवा नाय! आर्गॉन हाय खाली!"

आणि माझ्या माणसांनी काय करावं? कुणी हललं नाही. एक-दोघं चक्क हसली. भागूबाईचं रोजचंच. मी शिडीकडे धावले तर मिस्त्रींनी माझा दंड धरला. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, समजावणीचा, मायेचा. "वैनी, भिऊ नको गं. उपाशीपोटी चक्कर आली असंल त्याला. मी बगतो." मी त्यांचा सदरा ओढला. "नको मिस्त्री, नका उतरू!" त्यांनी माझी बोटं हळूच सोडवली आणि खाली गेले. ह्यांच्या खांद्याला हात लावला, "ए, ऊठ रं," म्हणाले, वाकले, आणि वाकलेलेच पंपाच्या पलीकडच्या बाजूला कोसळले. डोकं सिमेंटवर आपटल्याचा आवाज आला.

मग मात्र सगळ्यांचं हसू पळालं. बाया रडायला लागल्या. साहेब ओरडत होते, "कोणी खाली उतरायचं नाही! दोर आणा, दोर!" एक जण दोरासाठी मागच्या शेडकडे धावला, एकानं सिलिंडर बंद केलं. मी पळत सुटले ती धुण्याच्या खोलीकडे. तिथे हवेचा पाईप होता. माझा रोजचा. मी तो खुंटीवरून ओढला, तोंडाची बंदूक पिळून काढून फेकून दिली. पाईपमध्ये हवा नव्हती. कॉम्प्रेसर बंद, पूजा झालेला, त्याच्यावर झेंडूची माळ आणि भाताच्या लोंब्या.

मी मेनस्विचकडे हात नेला तर आमच्यातलीच एक बाई आडवी आली. "अगं, पूजा झालेय त्याची! आज लावायचं नसतं!" ती काही दुष्ट नव्हती. घाबरली होती, माझ्यासारखीच, फक्त तिची भीती वेगळ्या बाजूला पळत होती. एका दिव्याचा अपशकुन झालाय, त्यात आणखी देवाचा कोप नको, एवढंच तिच्या मनात. मी तिला ढकललं. स्विचवरचं फूल माझ्या हाताला चिकटून आलं. मी खटका वर केला, कॉम्प्रेसरचं हिरवं बटण दाबलं, माळ पट्ट्यात अडकली आणि तिच्या पाकळ्या सगळीकडे उडाल्या.

पाईप ओढत मी खड्ड्यापाशी आले. कडेवरून जेमतेम दोन-तीन हात खाली जाईल एवढा पुरला. मी पालथी पडले, अर्धं अंग खड्ड्यात लोंबत सोडलं, मागून कोणीतरी माझे पाय धरले. आधी नुसतीच शीळ वाजल्यासारखी हवा आली, मग जोर धरला आणि पाईप जनावरागत वळवळायला लागला. मी तो दोन्ही हातांनी आवळून धरला.

खाली दोन माणसं होती आणि पाईपला तोंड एक. हे माझ्याखाली, पंपाच्या अलीकडे. मिस्त्री पलीकडे, तोंड खाली घातलेले, त्यांचे फक्त पाय दिसत होते. हात लांब केला असता तर पाईप पंपावरून पलीकडे गेला असता. गेला असता, मला पक्कं ठाऊक आहे. मी तो ह्यांच्या नाकातोंडापाशी धरला आणि हलवला नाही. श्वास रोखून ठेवल्यानं माझी छाती फुटायला आली होती. ह्यांचे ओठ निळे पडलेले, डोळे अर्धे उघडे. केस हवेनं उडत होते, तेवढीच हालचाल. देवा, एवढी मी कधी घाबरले नाही, ना त्याच्या आधी ना नंतर. मनातल्या मनात मी नवस बोलत होते की शिव्या देत होते हे मलाही ठाऊक नाही.

दोर आला. एक धट्टाकट्टा गडी कमरेला दोर बांधून, छातीत हवा भरून उतरला आणि शिडीजवळ होते म्हणून आधी ह्यांच्या काखेत फास अडकवला. ओढून वर घेतलं. तो गडी वर आला, दम घेतला, परत उतरला आणि मिस्त्रींना बांधलं. मिस्त्री अंगानं भारी, पंपाच्या कोपऱ्यात अडकलेले, त्यांना काढायला वेळ गेला. साहेब ह्यांच्या तोंडात फुंकत होते, छाती दाबत होते. एकदम ह्यांना उमासा आला, खोकले, ओकले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. समोर मिस्त्रींना जमिनीवर ठेवलं. साहेब त्यांच्याकडे वळले, कितीतरी वेळ फुंकत राहिले. टेंपोत घालून दोघांना दवाखान्यात नेलं. हे वाचले. मिस्त्री वाटेतच गेलेले होते.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चिंचेच्या कोळाच्या वाटीत तळाशी एक वायसर सापडला. चकतीसारखा बारीक, तांब्याचा, लख्ख घासलेला. नटाच्या आतला. तोच नसल्यानं नळी रात्रभर खड्ड्यात गळत राहिली होती. साहेबांनी तो रुमालात गुंडाळला आणि खुर्चीत बसून राहिले. मिस्त्रींच्या घरी हे सांगायचं नाही असं सगळ्यांनी न बोलताच ठरवलं.

गावात मात्र बोलणारी तोंडं बोललीच. दिवा विझला तेव्हाच कळायला हवं होतं म्हणे. आणि हळूहळू ते माझ्यावर आलं. पूजा झालेलं मशीन हिनं चालू केलं, म्हणून देवानं एक माणूस घेतला. सासूबाईंनी ओटीवर उभं राहून भांडून एकीला परत पाठवलं, पण तसलं बोलणं एकदा कानात शिरलं की निघतं का? मला त्याची फार भीती नव्हती. मला भीती होती ती मिस्त्रींच्या बायकोची. ती मला दोनदाच भेटली होती, एकदा हळदी-कुंकवाला, एकदा आमच्या मुलीच्या बारशाला. मयताला मी गेले नाही, ह्यांच्या उशाशी बसून होते. आणि खरं सांगू, बरं झालं असंच वाटलं. तिनं विचारलं तर काय सांगू? रोज पीठ मळताना, धुणं धुताना मी उत्तरं तयार करायची. पाईप पुरला नाही. पाईप दोघांच्या मध्ये धरला होता. मला काही दिसतच नव्हतं. एकाहून एक खोटं. आणि त्यातलं सगळ्यात वाईट हे, की तो खड्डा परत समोर आला तर मी परत तेच करणार होते, आणि हे मला लख्ख ठाऊक होतं.

हे घरी आले तेव्हा बारीक झाले होते. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा हात धरून उतरायचे. एक दिवस म्हणाले, "कळंबला जाऊन ये. मला अजून झेपत नाय." मी काहीबाही सबबी सांगितल्या. ते म्हणाले, "तो माझ्यासाठी उतरला व्हता."

तेरावं होऊन गेलं होतं. मी कर्जतला जाऊन तिथून कळंबची एस.टी. धरली. सगळा वेळ पदराचं टोक तोंडात धरून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, बाई, बरं नाही का? कळंबला उतरले आणि वाटलं इथूनच परतीची गाडी पकडावी. कुणाला कळणार होतं? पण गाडी निघून गेली.

मिस्त्रींचं घर रस्त्याच्या कडेलाच. ओटीवर ती एकटी बसली होती, पांढऱ्या कपाळाची. पुढे अंगणात नवं भात वाळत घातलेलं. मला बघून ती उठली नाही. मी ओटीच्या कडेला बसले. ती भातावर येणाऱ्या कोंबड्यांना काठीनं हाकलत होती.

"बरं हाय का आता त्यांना?" तिनं विचारलं.

"बरं हाय."

तिनं आणखी एक कोंबडी हाकलली.

"पाईप तू धरला व्हतास म्हनं," ती म्हणाली.

पाठ केलेली सगळी उत्तरं पळून गेली. "हो," मी म्हटलं.

"कुनाकडं धरलास?"

मी तिच्याकडे बघितलंच नाही. भाताकडे बघत म्हटलं, "ह्यांच्याकडं. माझ्या."

आता ती मला मारणार, नाहीतर हाकलणार, असं वाटून मी अंग चोरून घेतलं. तिनं काठी खाली ठेवली.

"मी असते तर मिस्त्रीकडं धरला असता," ती म्हणाली. "तुज्याकडं बगितलंबी नसतं गं बाय. मंग आज तू हितं बसली असतीस आणि मी एस्टीनं आले असते."

कोंबड्या परत भातात शिरल्या, त्यांच्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

"सरक जरा आत," ती म्हणाली. "ऊन आलं तुज्यावर."

मी सरकले, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.